कॉव्हेंट्रीला, एका फ्रेंच इंजिनापायी

भुसावळला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय फोरमनसाहेब, लंडन कसं वाटलं?" अहो, लंडन मी विमानतळापुरतंच पाहिलं. राजवाडा नाही, पूल नाही, ते नदीकाठचं मोठं चक्रही नाही. मी गेलो मुलीकडे बेसिंगस्टोकला, आणि तिथून एकटा गेलो कॉव्हेंट्रीला. बारा वर्षं मला पत्रं लिहिणाऱ्या एका माणसानं एकाएकी लिहिणं का बंद केलं, ते त्याला तोंडावर विचारायचं होतं. एवढ्यासाठी कुणी विलायतेला जातं का, असं आमचा किराणावाला म्हणाला. आम्ही गेलो.

त्या माणसाची नि माझी ओळख एका फ्रेंच इंजिनामुळे झाली आणि बिनसलंही त्याच्यामुळेच. म्हणून आधी इंजिनाबद्दल थोडं सांगतो. कंटाळा आला तर खालचं बेसिंगस्टोक गाठा, पण मग पुढे "हे काय?" म्हणून मला विचारू नका.

आधी ते इंजिन

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विजेवरची रेल्वे म्हणजे मोठं प्रकरण असायचं. रेल्वेला लागणारी वीज वेगळी, जाड तारा, दर थोड्या अंतरावर सबस्टेशन. युद्धानंतर फ्रेंचांनी विचार केला की गिरणीला आणि घराला जाते तीच वीज इंजिनाला का देऊ नये? पंचवीस हजार व्होल्ट, बारीक तार, सबस्टेशनं लांब लांब. डोंगरातल्या एका लहान मार्गावर करून पाहिलं, आणि मग पन्नासच्या दशकात देशाच्या उत्तर-पूर्व कोपऱ्यात, जिथून लोहखनिज नि कोळशाच्या अवजड मालगाड्या जायच्या, तिथे तारा टाकल्या. आता ही वीज मोटारींना पचेल अशी करायची कशी, यावर मात्र त्यांचं एकमत होईना. तेव्हा त्यांनी चार प्रकारची इंजिनं बनवली आणि एकाच मार्गावर सोडून दिली, बघू कोण टिकतं ते.

चौघांचं रूप सारखं. ड्रायव्हरची केबिन मधोमध आणि दोन्हीकडे लांब, बसकी नाकं. तिथले रेल्वेवालेच त्यांना इस्त्री म्हणायचे. पोटात मात्र चौघं चार तऱ्हेची. दोन प्रकारांत भलंमोठं फिरतं यंत्र होतं. ते सुरू झालं की आधी खालच्या सुरात गुरगुरायचं आणि सूर चढत जायचा, पायाखालचा पत्रा थरथरायचा. तिसऱ्यात वीज जवळपास तशीच मोटारीला दिलेली. आणि चौथा प्रकार म्हणजे बीबी बारा हजार. त्यात ते धूड नाहीच. पारा भरलेल्या भांड्यांतून वीज एका दिशेनं वाहती व्हायची आणि मोटारी गुण्यागोविंदानं फिरायच्या. चार आसांचं हलकं इंजिन, पण सहा आसांच्या भावंडांना भारी पडलं. तेच जिंकलं. पुढे इंग्लंडनं, आपण आणि निम्म्या जगानं तीच वीज घेतली. शतक संपता संपता ती इंजिनं मोडीत निघाली. चार-दोन कुणीकुणी जपून ठेवली आहेत म्हणतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा मला बंगालमधल्या एका शेडमध्ये शिकायला धाडलं होतं. तिथे युरोपातून आलेली तशीच पाऱ्याची इंजिनं होती, फ्रेंच इस्त्रीच्या नात्यातली. त्या भांड्यांतला निळसर उजेड मी बावीस वर्षांचा असताना पाहिला आणि येडाच झालो. पुढची सगळी नोकरी भुसावळला काढली, फोरमन होऊन निवृत्त झालो, पण तो उजेड काही डोक्यातून गेला नाही. निवृत्तीनंतर अशा इंजिनांवर प्रेम करणाऱ्या एका इंग्रजी मंडळाला पत्र टाकलं. उत्तर आलं ते डेरेकचं. मोटारगाड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, माझ्यासारखाच निवृत्त. दर दीड महिन्याला त्याचं पत्र यायचं, रेघ मारल्यासारख्या अक्षरात. तीन वर्षांपूर्वी माझी बायको गेली, मुलगी तिकडे, आणि पोस्टमन माझ्या दारात थांबायला कारण उरलं ते फक्त ते पत्र.

मग डेरेकनं मंडळाच्या अंकात लेख लिहिला. तरुणपणी फ्रान्सला गेलो होतो, बारा हजारच्या केबिनमध्ये उभा राहिलो, गाडी हलण्याआधी पायाखाली गुरगुर चढत गेली, पत्रा थरथरला, वगैरे. सुंदर लिहिलं होतं. पण चूक! ती गुरगुर बारा हजारची नाहीच.

आता आमच्या शेडमधली रीत सांगतो. इंजिन आत आलं की ड्रायव्हरनं वहीत बिघाड लिहायचा. फिटरनं काय केलं ते लिहून खाली सही करायची. कुणाचं चुकलं तर नाव घालून लिहायचं. त्यात अपमान नाही, राग नाही. न लिहिणं हाच गुन्हा, कारण उद्या त्याच इंजिनावर कुणीतरी चढणार असतं. अडतीस वर्षं मी हेच केलं. त्याच हातानं मी मंडळाच्या संपादकांना लिहिलं: "लेखकानं वर्णिलेला आवाज या इंजिनाचा नाही. केबिनमध्ये उभा राहिलेल्या माणसाला तो ऐकू येणं शक्य नाही. कृपया दुरुस्ती करावी." खाली सही, निवृत्त फोरमन. त्यांनी ते छापलं. मी तो अंक पोस्टमनलासुद्धा दाखवला. त्यानंतर चौदा महिने डेरेकचं एक अक्षर आलं नाही.

बेसिंगस्टोक

मुग्धा, म्हणजे माझी मुलगी, आणि जावई दोघंही आयटीत. घर छान, मागे हिरवळीचा तुकडा, पुढे तीन रंगांचे कचऱ्याचे डबे. सकाळी आठला दोघं बाहेर पडली की संध्याकाळी सहापर्यंत मी आणि फ्रिज. तो घरघरायचा, मी ऐकायचो. कॉम्प्रेसर जरा जास्तच वेळ चालतो, असं मी मुग्धाला सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, प्लीज, फ्रिजचं डायग्नोसिस नको."

रस्त्यावर माणूस दिसत नाही. दिसला तर कुत्र्याबरोबर असतो, आणि "मॉर्निंग" म्हणून पुढे जातो. आपल्याकडे नवीन म्हातारा गल्लीत आला तर दोन दिवसांत त्याचं गाव, जात, पेन्शन, गुडघे सगळं गल्लीला ठाऊक होतं. मला तो भोचकपणा कधी आवडला नाही. तिथे त्याची इतकी आठवण यायची की काय सांगू.

एका आठवड्यानं मी डेरेकला कार्ड टाकलं की मी इंग्लंडात आहे, मंगळवारी दोन वाजता येतो. उलट टपाली कार्ड आलं. "सोयीचं असेल तर जरूर या." एवढंच.

"हे आमंत्रण आहे की टाळणं?" मी मुग्धाला विचारलं.

"बाबा, दोन्ही," ती म्हणाली. "तुम्ही खरंच जाणार आहात? आय मीन, काय बोलणार त्याच्याशी?"

"विचारणार, काय झालं म्हणून."

"असं डायरेक्ट नाही विचारत इथे कुणी."

तरी तिनं तिकीट काढून दिलं, थालीपिठं बांधून दिली, आणि कॉव्हेंट्रीत तिच्या मैत्रिणीच्या मावशीकडे, शालनताईंकडे, माझी चार दिवसांची सोय केली.

गाडीत, मंगळवार

बेसिंगस्टोकला वीज जमिनीवरून येते, रुळाच्या शेजारच्या तिसऱ्या रुळातून. मला ते बघवेना. आमची गाडी मात्र डिझेलची. रीडिंगच्या पुढे डोक्यावर तारा लागल्या, त्याच आपल्या पंचवीस हजार व्होल्टच्या, आणि खाली ही डिझेलवाली आपली धूर काढत चाललीय! शेजारच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या हसल्या आणि त्यांनी कानात बटणं घातली.

ऑक्सफर्डच्या पुढे देश उघडा होतो. मे महिना, पिवळ्याजर्द फुलांची शेतं, मध्येच एक कालवा, त्यात लांबट रंगीत होड्या. एका होडीच्या टपावर चक्क कोथिंबिरीसारखं काहीतरी लावलं होतं. थालीपीठ उघडलं तर लसणाचा वास डबाभर झाला. कुणी काही म्हणालं नाही, कुणी "काय आणलंय?" म्हणून विचारलंही नाही. मी अर्धंच खाल्लं आणि बाकीचं झाकून ठेवलं.

कॉव्हेंट्री आलं, मी दारापाशी उभा राहिलो, गाडी थांबली, आणि दार उघडेचना. अडतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस डब्याचं दार कसं उघडायचं म्हणून घामाघूम! मागून एका मुलीनं हात लांब करून बटण दाबलं. "थँक्यू" म्हणून उतरलो, आणि वर पाहिलं तर तारा. तेच इन्सुलेटर, तोच ताण. भुसावळ सोडल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी इतक्या जवळून दिसलं, आणि मी प्लॅटफॉर्मवर उगाच पाच मिनिटं मान वर करून उभा राहिलो.

कॉव्हेंट्री, मंगळवार दुपार

डेरेकचं घर लाल विटांच्या रांगेत. दार त्यानंच उघडलं. उंच, वाकलेला, स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली. बारा वर्षांत आम्ही एकमेकांचा फोटो मागितला नव्हता. मी मिठीच मारणार होतो, पण त्यानं हात पुढे केला.

"सापडलं म्हणजे घर," तो म्हणाला. अर्थात इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतोय.

चहा आला, बिस्किटं आली. हवेबद्दल बोलणं झालं. माझ्या प्रवासाबद्दल झालं. नगरपालिका कचरा कुठल्या दिवशी नेते, यावर तो तब्बल दहा मिनिटं बोलला. पत्रात हा माणूस मला बायकोचं आजारपण, आईचं मरण, सगळं सांगायचा, आणि इथे समोर बसून कचरा! मी म्हटलं, "तुझी पत्रं आली नाहीत." तो म्हणाला, "हल्ली टपालाचं काही खरं नाही." म्हटलं, "तुझा तो यार्डाचा नमुना दाखव ना." मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत त्यानं वीस वर्षं खपून त्या फ्रेंच मार्गावरच्या एका यार्डाची छोटी प्रतिकृती केली होती, तिचे नकाशे मला तोंडपाठ होते. तो म्हणाला, "आत फार पसारा आहे." आणि घड्याळाकडे बघितलं.

चाळीस मिनिटांत मी रस्त्यावर होतो. जाऊन बसथांब्यावर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, सत्तरी ओलांडलेला माणूस मी, बसथांब्यावर रडलो. बस आली आणि गेली, मी हात केला नव्हता म्हणून थांबलीच नाही.

शालनताईंकडे

शालनताई चौऱ्याहत्तरच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. यजमान कारखान्यात होते, ते गेले, मुलं साउथहॅम्प्टनला डॉक्टर. त्यांचं मराठी जुनं, साताऱ्याकडचं, आणि मध्येच "मी कौन्सिलला कम्प्लेंट केली" असं. मला बघताच म्हणाल्या, "आधी हात धुवा, पिठलं गार होतंय." भाकरी त्यांनी थापली होती, इंडियन दुकानातल्या पिठाची, कडा जरा चिरलेल्या. मी चार खाल्ल्या.

जेवताना सगळं सांगितलं. मंडळाचा अंक बरोबर होताच, त्यांनी चष्मा लावून माझं छापलेलं पत्र वाचलं. मग मिटून बाजूला ठेवला.

"अहो भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही माणसाला पत्र लिहिलंत की इंजिनाला?"

"चूक होती ती. चूक दाखवायची नाही?"

"दाखवायची. घरी. चहा पिताना. तेही 'मला वाटतं माझंच काही चुकत असेल' म्हणून. तुम्ही चारचौघांत त्याचं धोतर सोडलंत." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि दुसरं. 'उभा राहिलेल्या माणसाला ऐकू येणं शक्य नाही' असं लिहिलंय तुम्ही. ह्याचा अर्थ काय होतो?"

"म्हणजे तो दुसऱ्याच प्रकारच्या इंजिनात उभा राहिला असणार, आता आठवत नसेल."

 शालनताईंनी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. मी ते बघत बसलो आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हात् तिच्या! मी किती गाढव असावं.

बुधवार

सकाळी दहाला परत त्याच्या दारात. न कळवता. तिथे हे फार वाईट समजतात, असं शालनताईंनी बजावलं होतं. डेरेकनं दार उघडलं आणि मी तो काही बोलायच्या आत म्हणालो, "माझं पत्र वाईट होतं. मी माफी मागायला आलोय."

त्यानं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "फार चांगलं पत्र होतं. अगदी बरोबर होतं." आणि मला मागच्या खोलीकडे घेऊन गेला.

खोलीभर टेबलं, टेबलांवर जुने पलंगपोस पसरलेले, त्यांच्या खाली उंचवटे. एका कोपऱ्यात दोन स्टुलं. एकावर तो बसला.

"मी फ्रान्सला कधी गेलोच नाही," तो म्हणाला.

मी दुसरं स्टूल ओढलं.

"आई अंथरुणाला होती, तेव्हा जमलं नाही. मग बायकोला, ज्यूडीला, प्रवास सोसायचा नाही. मग ते इंजिनच राहिलं नाही. मंडळात पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, 'तुम्ही पाहिलीत का ती धावताना?' मी 'हो' म्हणालो. का म्हणालो, मला आजही सांगता येणार नाही. एका 'हो'पायी वीस वर्षं बोलत राहावं लागलं. दर गुरुवारी दुपारी आम्ही जमतो. जमायचो. तुझं पत्र छापून आलं त्या गुरुवारी मी गेलो, तर कुणी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही. एकानंही नाही. त्यावरूनच मला कळलं, सगळ्यांना समजलंय. मग मी गेलो नाही."

"चौदा महिने?"

"हो. गुरुवारी मी आता बाजारहाट करतो."

मी शेडमध्ये माणसं निलंबित होताना पाहिलीत, एकाच्या कागदावर तर मीच सही केली होती. पण असं वाटलं नव्हतं कधी. ह्या माणसाला आठवड्यातून एकदा माणसांत बसायला एक जागा होती, आणि मी भुसावळच्या खुर्चीत बसून, फुशारकीनं, ती त्याच्याकडून काढून घेतली होती. मी त्याला सांगितलं, की बाबा रे, मीही फ्रेंच इस्त्रीत कधी बसलो नाही, तिच्या नात्यातल्या इंजिनांतच हात काळे केले. तो म्हणाला, "पण तू कधी बसलो असं म्हणाला नाहीस." 

म्हटलं, आपण दोघं जाऊ. अजून एखादं उभं असेल कुठल्या संग्रहात. तर त्याला दिवसाआड डायलिसिस, आणि मला इंग्लंडच्या व्हिसावर समुद्र ओलांडता येत नाही. फ्रान्स तिथून आपल्या मनमाडइतकं जवळ, पण आम्हा दोघांनाही जाता येत नव्हतं.

गुरुवार

शालनताईंना सांगितलं की कॅथीड्रल बघून येतो. बघितलंही. बाँबनं छप्पर उडालेलं जुनं देऊळ तसंच उघडं ठेवलंय आणि शेजारी नवं बांधलंय. जुन्यात पाऊस पडत होता. मी तिथल्या एका दगडी बाकावर बसून मनातल्या मनात मजकूर तयार केला.

मंडळ जमतं ते एका चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. सात जण होते, सगळे पांढऱ्या केसांचे, एक मोठा किटलीवजा पिंप, एक बिस्किटांची ताटली. सेक्रेटरी मार्गरेट नावाच्या बाई. मी नाव सांगितलं तर सगळे उठून उभे राहिले, "भारतातून! ते पत्रवाले!" म्हणून हात मिळवले. मला दोन मिनिटं बोलायची परवानगी मिळाली.

मी म्हणालो, "मंडळी, मी चुकलो होतो. बारा हजारमध्ये ब्लोअरचे पंखे वगैरे चालवायला एक छोटं फिरतं यंत्र असतं, ते मी विसरलो. ते सुरू होताना तशीच गुरगुर येते आणि केबिनचा पत्रा थरथरतो. डेरेकनं ऐकलं ते बरोबर ऐकलं. केबिनमध्ये उभा राहिलेल्या माणसालाच ते कळणार. माझं पत्र मागे घेतो. कृपया दुरुस्ती छापावी."

छोटं यंत्र असतं, हे खरं. ते गुणगुणतं, हेही खरं. पण त्यानं पत्रा थरथरेल? छे! शिकाऊ फिटरसुद्धा हसेल. अडतीस वर्षांत मी एकही खोटी सही केली नव्हती, साहेबांनी दम दिला तेव्हाही नाही.  मी खुर्चीची पाठ धरली होती.

कुणी काही विचारलं नाही. एक आजोबा म्हणाले, "फारच रंजक." दुसऱ्यानं बिस्किटं पुढे केली. मग सगळे सिग्नलच्या रंगांबद्दल बोलू लागले.

मार्गरेटबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. छत्री उघडत म्हणाल्या, "तुम्ही आलात हे फार चांगलं केलंत. तुम्हाला माहीत आहे ना, की आम्हाला माहीत आहे?"

"काय?"

"तो कधी गेला नव्हता ते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे मिळून फ्रान्सला गेलो, बसनं. प्रत्येकाचे पासपोर्ट मी गोळा केले. त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी त्याला ताप आला. दुसऱ्या वेळीही आला. परतल्यावर आम्ही त्याला काही विचारलं नाही, आणि तो आम्हाला तिथलं सगळं सांगत राहिला, आमच्याहून छान."

"मग तुम्ही त्याला परत बोलवायला का गेला नाहीत?"

त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "त्याला एकटं राहायचं असेल असं वाटलं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या आयुष्यात ढवळाढवळ कशी करायची?"

मला त्या बाईंचा इतका संताप आला की मी पावसात तसाच निघालो. शालनताईंकडे पोचेपर्यंत तो राग अर्धा माझ्यावरच वळला. त्यांनी पंधरा वर्षं एका माणसाची अब्रू झाकून धरली, हे काही थोडं नाही. मी ती एका पत्रात उघडी केली. आणि मग त्यांनी त्याला चौदा महिने एकटं सोडलं. आमच्यात जास्त वाईट कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवार

आता प्रश्न असा, की डेरेकला सांगायचं काय? सगळं सांगावं, की त्यांना कधीपासूनच ठाऊक आहे, कुणाला त्याचं काही नाही, तर तो वीस वर्षांच्या सगळ्या दुपारी आठवून आठवून मरेल. मी रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी शालनताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला नका विचारू. तुम्हाला जे पचेल ते बोला."

डेरेकला म्हणालो, "काल मंडळात गेलो होतो. सांगितलं की माझी चूक झाली. आवाज तसाच येतो म्हणून."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "आणि?"

"मानलं त्यांनी. एक जण म्हणाला, फोरमनच्या कानांचा काय भरवसा, आयुष्यभर ब्लोअरजवळ उभा राहिलेला माणूस."

हे कुणीही म्हणालं नव्हतं. डेरेक माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही, देव जाणे. मग तो हसला, त्या चार दिवसांत पहिल्यांदा, आणि खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "चल."

मागच्या खोलीत आम्ही दोघांनी मिळून पलंगपोस काढले. धूळ उडाली. खाली सगळं यार्ड, खनिजाचे डबे, हाताएवढे दिव्यांचे खांब, आणि मधोमध केबिन असलेली ती हिरवी इस्त्री. बटण दाबलं, ती निघाली. इतकं सुबक इंजिन मी जन्मात पाहिलं नाही. आवाज मात्र काहीच नाही, शिवणयंत्रासारखी नुसती कुरकुर.

"खरा आवाज कसा असतो?" डेरेकनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

मग मी त्याला करून दाखवला. आमच्या शेडमधला, बंगालमधला. टपावरचा पँटोग्राफ वरच्या तारेला लागतो ती चरचर, मग ब्लोअरची हवा, मग ड्रायव्हर एकेक टप्पा चढवतो तसं पायाखाली खटक, खटक, आणि त्या प्रत्येक खटक्याला गाडी अंगात घेत गेलेली ओढ. तोंडानं. हातवारे करून. कॉव्हेंट्रीच्या एका परसात सकाळी अकरा वाजता मी इंजिन झालो होतो. तो डोळे मिटून ऐकत होता. "परत," म्हणाला. मी परत केलं.

स्टेशनवर तो सोडायला आला नाही, डायलिसिसचा दिवस होता. दारातच त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि कचऱ्याचे डबे आत घ्यायला गेला. गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पिवळी शेतं परत लागली. मी दाराचं बटण वेळेवर दाबलं.

भुसावळ

मुलीकडे आणखी तीन आठवडे काढून परत आलो. घर उघडलं तर कोंदट वास. दुसऱ्या दिवसापासून तेच, सकाळी फिरणं, दुपारी पेपर, आणि सायकलची घंटा ऐकली की कान टवकारणं. पोस्टमन दीड महिना नुसता हात करून जायचा.

मग पत्र आलं. रेघ मारल्यासारखं अक्षर. तो गुरुवारी जाऊ लागलाय. पहिल्या दिवशी सगळ्यांनी "ये बस" म्हटलं, जसा काही मागच्याच आठवड्यात आला होता. मार्गरेटबाईंनी त्याला पुढच्या अंकासाठी लेख लिहायला सांगितलंय. त्याची नक्कल सोबत होती.

लेखात तो पुन्हा तरुणपणी फ्रान्सला गेला होता. पुन्हा केबिनमध्ये उभा राहिला होता. ह्या वेळी गुरगुर नव्हती. पायाखाली खटक, खटक असे टप्पे चढत होते आणि प्रत्येक टप्प्याला गाडी ओढ घेत होती. माझा बंगालमधला आवाज, शब्दाला शब्द. पुढे लिहिलं होतं की चढ संपल्यावर ड्रायव्हरनं त्याच्या डब्यातून कॉफी ओतली, एकाच कपातून दोघं प्यायले, आणि बाहेर बर्फ पडत होता.

मी ते दोनदा वाचलं. मग टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. लेख उत्तम आहे, तांत्रिक बाबतीत काही म्हणायचं नाही, अंक छापून आला की मला दोन प्रती धाड. आणि खाली एक प्रश्न विचारला, की त्या ड्रायव्हरच्या कॉफीत साखर होती का?